चवथीतली चूल

साठच्या दशकात मी मालवण तालुक्यातल्या एका रेशन दुकानात कारकून होतो. एका वर्षी वरून हुकूम आला: एका घरात, एका चुलीवर जेवणाऱ्या ग्राहकांची वेगवेगळी कार्डे एकत्र करायची. वेगळी चूल पेटती दिसली तरच वेगळे कार्ड राहील. एकत्र केलेले कार्ड थोरल्याच्या नावावर.

तपासनीस साहेब आले ते नेमके चवथीत, घरोघरी गणपती बसलेले असताना. मी त्यांच्याबरोबर होतो.

किनाऱ्याजवळच्या एका घरात दोन जावा वेगळ्या झाल्या होत्या. नवरे मुंबईला. एकत्र असताना तांदूळ थोरलीच्या कुलपात असे आणि धाकटीची मुले बऱ्याचदा पेजेच्या निवळीवर झोपत. वेगळे कार्ड झाल्यापासून ती आपला तांदूळ आपण नेई. गणपती मात्र घरात एकच. तो असेपर्यंत सगळ्यांचे जेवण थोरलीच्या चुलीवर. गावात सगळीकडे तीच रीत होती.

साहेबांनी विचारले, "चुली किती?"

"आज एकच आसा," थोरली म्हणाली.

"आणि श्रावणात?" धाकटीने विचारले.

"सायबांनी आजचा इचारल्यानी."

दोघी धान्य वेगवेगळे नेतात, असे मी सांगितले.

"कार्डावर नेतात. कार्डच तर तपासतोय," म्हणत साहेबांनी पेनाचे टोपण काढले.

धाकटी उठून मागच्या पडवीत गेली. तिथे तिची चूल होती, राख थंड. तिने थोरलीकडे विस्तव मागितला.

"माझ्या चुलीतलो इस्तो गावाचो नाय," थोरलीने नकार दिला.

"घर मोडतस गो," गणपतीपुढे बसलेली सासू म्हणाली. "पाच दिस थांब."

"सायब थांबतले?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. पडवीतून काडी ओढल्याचा आवाज येत होता. काडी पेटे, विझे. जळणाची सोडणे, नारळाची वरची सालं, दमट होती. धाकटी फुंकणीने फुंकत राहिली. आधी नुसता धूर आला, गणपतीवर फळापानांनी सजवून टांगलेल्या माटवीपर्यंत. सासूने डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी 'एक' लिहायला पेन टेकवले आणि मुले ओरडली, "पेटली!"

साहेब पडवीत गेले, वाकून पाहिले आणि 'दोन' लिहिले. धाकटीने चुलीवर तांदळाचे भांडे ठेवले. तिला आरतीला कोणी हाक मारली नाही.

पुढल्या महिन्यात ती आपले कार्ड घेऊन दुकानात आली. थोरली रांगेत तिच्या पुढेच उभी होती.

"म्हातारी बरी आसा मां?" धाकटीची पाळी आल्यावर मी तिला सासूबद्दल विचारले.

"तांदूळ जोखा," ती म्हणाली.