शिट्टी आधी, चौकशी मग

प्रिय ईशा आणि नील,

एकोडीहून शिकायला निघाले तेव्हा माझे बाबा एसटीच्या खिडकीशी उभे होते. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सोडायचं हे गावात तेच ठरवत. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "दोघायचं आयकून घेजो, मंग बोलजो."

ही शिदोरी घेऊन मी आधी नागपूरला गेले आणि पुढे इंग्रजी शिकवायला भंडाऱ्याला आले, ती इथलीच झाले. वर्गातली भांडणं मी अशीच मिटवली; तुमच्या बाबांची आणि आत्याचीही.

यंदा उन्हाळ्यात माझ्या भावाची नात रोशनी एकोडीहून माझ्याकडे राहायला आली. समोरच्या शाळेत बास्केटबॉलचे पंच घडवणारं शिबिर होतं. शेवटी सामन्यातच परीक्षा. नापास झाली तर पुन्हा पाठवायचं नाही, असं तिच्या घरी ठरलेलं.

मी सकाळी खुर्ची टाकून कडेला बसे. पंच हातांनी बोलतात हे मला नवीनच होतं. फाऊल झाला की बंद मूठ वर. चेंडू न आपटता कोणी पावलं टाकली की उघडा पंजा. आरशासमोर मीही करून पाहिलं. मूठच का, हे मात्र शिबिरात कोणालाच सांगता आलं नाही.

रोशनीची शिट्टी खणखणीत वाजे, पण मूठ वर जात नसे. ती दोघी खेळाडूंना जवळ बोलावून काय झालं ते विचारी. तोवर खेळ थांबलेला आणि सगळे हसत. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तू रेफरी आहेस की सरपंच? ठरलं असेल तरच शिट्टी वाजव."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. म्हणाली, "आजी, दोघींले इचारल्याबिगर चूक कोनाची हे कसं सांगू?" मलाही तेवढंच शिकवलं होतं.

परीक्षेच्या सामन्यात बास्केटखाली दोघी धडकल्या. शिट्टी वाजली. मूठ वर गेली, मग दोन्ही हात कमरेवर: वाट अडवणारीची चूक. मला तर चूक दुसरीची वाटली. अडवणारी रागाने बघत राहिली. रोशनीने तिला काही विचारलं नाही. खेळ पुढे गेला, आणि ती पास झाली.

सामना संपल्यावर पाहते तर नळापाशी त्याच दोघींचं ती ऐकत उभी. अडवणारी हातवारे करून लांबलचक सांगत होती. निर्णय तर बदलणार नव्हता. मग कायले ऐकतेस, असं मी विचारलं.

"सामना तर झाला ना, आजी. आता आयकाले काय होते?"

एकोडीत माझं घर आता उरलेलं नाही. तलाव आहे, पण पाण्याचं दुसरेच ठरवतात. तरी त्या नळापाशी मला गावी पोहोचल्यासारखं वाटलं. तेव्हा रविवारच्या व्हिडिओ कॉलवर भांडलात, तर मी आधी मूठ वर करीन. मग दोघांनीही सावकाश सांगायचं. ऐकायला मी आहेच.

तुमची आजी