बिडीचा आळ

तळोद्याला माझ्याकडे झाडं कापायची हातमशीन होती. ती चालवणारा माणूस तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यातला. बिडीने त्याची छाती गेली, असं तिकडे सगळे म्हणतात. त्याने आयुष्यात बिडी ओढलेली नाही. हा आळ माझ्या तोंडून त्याच्यावर आला.

या मशीनला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागतं. तेल कमी पडून माझी पहिली मशीन जाम झाली होती, तेव्हापासून मी धास्तावलो. सांगितलेल्या मापापेक्षा जास्त तेल ओतू लागलो. तेही जीपवाल्यांनी इंजिनातून काढून टाकलेलं काळं तेल, जुन्या धोतरातून गाळून. मशीन जाम झाली नाही. धूर मात्र निळा, दाट निघायचा. बांबूच्या बेटात वारा नसला की तो त्याच्या तोंडाभोवतीच घुटमळायचा.

"आबा, धूर डोयामा जाई ऱ्हायना," तो डोळे चोळत म्हणायचा.

"मशीन शे ती, अगरबत्ती नही!"

तो हसायचा, मग खोकत बसायचा. संध्याकाळी मी मशीनचा प्लग काढून त्यावरची काजळी तारेच्या ब्रशने घासायचो. त्याने तोंडाला बांधलेला गमछाही आतून तसाच काळा झालेला असणार. तो मी कधी उलटून पाहिला नाही.

पुढे त्याला चढावर धाप लागू लागली. मी त्याला दवाखान्यात नेलं. घाबरला की तो पावरीतच, त्याच्या घरच्या बोलीतच बोले, आणि डॉक्टरांना पावरी येत नव्हती, मला येत होती. म्हणून मी मध्ये बसलो.

"बिडी ओढतो का?" डॉक्टरांनी विचारलं. मी त्याला विचारलं, त्रास कशाने होतो? मशीनचा धूर कसा नाकातोंडात जातो, हे त्याने तोंडाजवळ हात नेऊन दाखवलं. मी डॉक्टरांना म्हणालो, "ओढतो. पुष्कळ."

बाहेर त्याची बायको बसली होती. बिडी सोडायला लाव, असा डॉक्टरांचा निरोप तिलाही मीच दिला.

तो कामावर येतच राहिला. घरी गेला की ती त्याची बोटं हुंगायची. बोटांना नुसता पेट्रोलचा वास. "वास मारायला पेट्रोल चोळतोस," ती म्हणायची. तो मुलांची शपथ घ्यायचा. दोघांचं बोलणं तुटलं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. "आबा, तुम्ही तरी तिले सांगा." मी मान डोलावली आणि त्याच्या हातात पेट्रोल-तेलाचा भरलेला डबा दिला.

परवा जीपने वर त्याच्या पाड्यावर गेलो. तो खाटेवर टेकून बसला होता, आडवं झालं की श्वास कोंडतो. बायको दाराशी चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. गाळलेलं तेल, दवाखाना, माझं खोटं. तिचे हात पिठातच थांबले.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मशीन बंद पडू नये म्हणून, एवढंच खरं होतं.

ती उठली. पिठाच्या हातांनीच तिने त्याचा हात उचलला, बोटं नाकाशी नेली. आता त्यांना कसलाच वास नव्हता. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण एका शब्दापुरताही श्वास त्याच्यात उरला नव्हता. ती वाट पाहत राहिली. मागे तव्यावरची भाकरी जळत होती, तिचा धूर खोलीत भरू लागला, आणि तो खोकू लागला.

मी धावत जाऊन चूल विझवली.