पंधरा वर्षांनंतरची सावली

आमच्या वसाहतीत त्यांना बागवाल्या बाई म्हणतात. आपण लँडस्केप आर्किटेक्ट आहोत हे त्यांनी सुरुवातीला बऱ्याच जणांना समजावून पाहिलं, मग नाद सोडला. घरात सासूबाई त्यांच्या कामाला ‘कुंड्या’ म्हणतात, आणि नवरा शेवटी सासूबाईंचा मुलगा आहे.

वसाहतीच्या मधल्या मोकळ्या जागेची बाग बाईंनीच आखली. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. कागदावर झाड काढायचं ते लावलं त्या दिवशीचं नाही, पंधरा वर्षांनी होईल तेवढं. दोन झाडांत अंतर किती ठेवायचं ते त्यावरूनच ठरतं. बाईंनी डेरेदार चिंचा काढल्या, खाली बाक, बाकांवर गार सावली आणि सावलीत आमच्यापेक्षा बरीच सडपातळ माणसं. ते चित्र मोठं करून फाटकाजवळ भिंतीएवढ्या फलकावर लागलं. पंधरा वर्षांचं तेवढं बाई लिहायला विसरल्या. त्यांच्यात ते सगळ्यांना ठाऊक असतं.

बाग खुली झाली तेव्हा लोकांना दिसल्या त्या बांबूला बांधलेल्या काटक्या.

“झाडं कुठायत?” वसाहतीच्या अध्यक्षांनी विचारलं.

“ही काय.”

“आणि चित्रात ते काय होतं?”

“हेच. मोठं झालेलं.”

“म्हणजे दाखवायचा नवरदेव आणि हातात द्यायचं तान्हं पोर.”

“चिंच आहे ती, दूध नव्हे भराभर वर यायला.”

बाक तापू लागले. सासूबाई रोज बागेतून परतल्या की ऐकवायच्या, “सुनेची सावली नशिबात नव्हतीच, आता झाडाचीही नाही.”

“आई, जरा धीर धरा ना.”

“मी धरते गं. वय धरत नाही.”

बाई आणखी चिडल्या.

अध्यक्षांनी तोडगा काढला: काटक्या उपटायच्या आणि मोठे तयार पाम क्रेनने आणून रोवायचे. मंजुरी रविवारच्या सभेत. पामची सावली खांबाएवढी पडते, तीत एकच माणूस मावेल, तोही बारीक, असं बाईंनी सांगून पाहिलं.

“चित्रातल्यासारखा,” अध्यक्ष म्हणाले.

रविवारी दुपारी नकाशाची गुंडाळी काखेत मारून बाई भांडायच्या तयारीनेच निघाल्या. बाक रिकामे होते. सगळी सभा घरून खुर्च्या आणून फलकाच्या मागे दाटीवाटीने बसली होती. साऱ्या बागेत सावली पडत होती ती तेवढीच. मोक्याची जागा सासूबाईंची.

“काही म्हण, तुझ्या चित्राची सावली छान पडते,” त्या म्हणाल्या. “आम्ही रोज इथेच बसतो.”

चिंचांबद्दल बाईंनी काय काय पाठ करून आणलं होतं. त्यातलं एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत.

“क्रेन आत यायची म्हणजे हा फलक काढावा लागेल,” त्यांनी सांगितलं. “फाटकाची वाट अरुंद आहे.”

सभेने माना वर करून फलकाकडे पाहिलं.

“फलकाला कोणी हात लावायचा नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मग आम्ही बसायचं कुठे?”

पाम एकमताने नामंजूर झाले. चिंचा मोठ्या होईपर्यंत फलक ठेवायचा, असंही ठरलं. चिंचांच्या बाजूने मात्र अवाक्षर कोणी काढलं नाही.

तोवर फलकामागे पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती. बाईंनी नकाशा उलगडून डोक्यावर धरला. सासूबाईंनी बघितलं आणि खुर्ची थोडी सरकवली. अगदी थोडी.