भैरूच्या रश्श्यावरचा ठपका

१९७१चा उन्हाळा. आमची कंपनी कोल्हापूर शहराबाहेरच्या माळावर तंबू ठोकून ट्रेनिंगला होती. मी लान्सनायक पाटील, नर्सिंग असिस्टंट, शिरोळ तालुक्यातला. ड्युटी एम.आय. रूमच्या, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्याच्या तंबूत. डॉक्टर होते कॅप्टन राघवन. त्यांच्याजवळ लाकडी पेटीतला एक मायक्रोस्कोप होता. पोट बिघडलेल्या जवानाचं शौच डबीत घेऊन तपासायचं काम माझ्याकडे, म्हणून कंपनीत माझं नाव पडलं डबीवाला.

रिकाम्या वेळी साहेब मला शिकवत. पहिला धडा हौदातल्या शेवाळाच्या थेंबाचा. त्यात एक अमीबा होता. एका पेशीचा जीव. त्याला तोंड नाही, पाय नाहीत. अंगाचा एक कोपरा पुढे काढायचा आणि उरलेलं अंग त्यात ओतत सरकायचं. हा मोकळा राहणारा, साहेब म्हणाले. चिखलात जंतू खाऊन जगतो. अशा मोकळ्यांपैकी एखादी जात कोमट पाण्यातून नाकावाटे मेंदूत शिरते आणि माणूस वाचत नाही, पण ते फार क्वचित. आपलं काम आतड्यातल्या अमीबाशी. त्यात एक घातकी, रक्ताची हगवण लावतो, कधी यकृतात गळू करतो. दुसरा तिथंच फुकट जेवून गप्प पडून असतो, कुणाला त्रास देत नाही. बाहेर पडताना दोघंही अंगावर कवच घेतात. आयोडीन टाकलं की आतली केंद्रकं दिसतात. घातक्याच्या पिकल्या कवचात चार, गरीब गड्याच्या कवचात आठ. या दोघांत गल्लत करायची नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

आमचा कुक नायक भैरू गावडे चंदगडचा. रविवारी त्याचा तांबडा रस्सा असे. पंजाबी मेजरसाहेब डोळ्यांतून पाणी काढत तो पीत आणि परत मागत. मी लिंगायत, मटण खात नाही. शहरात माझी बहीण होती, दोन्ही वेळचा डबा तिच्याकडून येई. भैरू म्हणायचा, "पाटील, तुमचा निम्मा जल्म फुकट गेलाय बघा."

जूनच्या सुरुवातीला जवान पोट धरून येऊ लागले. आव, रक्त, कळा. लॅट्रिनपुढे रांग लागली. रांगेतही थट्टा चालायची, पण आठवड्यात सतराजण आडवे झाले तेव्हा ती थांबली. सगळ्यांनी बोट दाखवलं ते रश्श्याकडे. साहेब म्हणाले, तिखटानं अमीबा होत नाही. मग कुकहाउसच्या लोकांच्या डब्या तपासायच्या ठरल्या.

भैरूच्या डबीत कवचं सापडली. मी चार केंद्रकं मोजली आणि तसं सांगितलं. साहेब त्या वेळी सलाइन लावण्यात गुंतले होते. त्यांनी माझ्या शब्दावर रिपोर्ट पाठवला. भैरूला कुकहाउसमधून काढून लाकडं फोडायला लावलं आणि सोमवारी मेजरसाहेबांपुढे उभं करायचं ठरलं. नायकाची फीत जाणार, असं सगळे म्हणत होते.

भैरू तंबूच्या दारात आला. हातात कुऱ्हाड होती, पण आवाज खाली होता.

"पाटील, म्या कंपनीला जेवाय घालतोय. ईख घालत न्हाय."

"भैरू, मी बघितलंय."

"मग नीट बघा की."

मी दुसऱ्यांदा बघितलं नाही.

रविवारी पहाटे माझ्याच पोटात कळ आली. मी धावलो आणि डबी घेऊनच परतलो. नमुना कोमट असेतोवर बघावा लागतो, गार झाला की अमीबा हलत नाही. काचेखाली तो ऐटीत सरकत होता. त्याच्या अंगात गिळलेल्या रक्ताच्या तांबड्या पेशी दिसत होत्या. त्या माझ्याच होत्या.

मी तिथंच बसून हिशोब मांडला. कॅम्पचं पिण्याचं पाणी उकळलेलं. रस्सा मी जन्मात चाखला नव्हता. भैरूच्या हातचा घास माझ्या पोटात गेला नव्हता. मग आजारी जवानांचं आणि माझं सामाईक काय? दूध.

शहर माहितीचं म्हणून मीच पीटीनंतर पोरांना दुधाच्या कट्ट्यावर नेत होतो आणि त्यांच्याबरोबर पीत होतो. म्हैस रस्त्यावर उभी, धार थेट ग्लासात. गवळीमामा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "पावणं, थेंबभर पाणी निघालं तर म्हस तुमची." दुधात पाणी नव्हतंच. ग्लास मात्र शेजारच्या बादलीत बुचकळून तसाच ओला पुढे यायचा. त्या बादलीत सकाळपासून सगळ्या गावाचे हात बुडालेले.

भैरूचा नमुना टिकावा म्हणून मी फॉर्मेलिनमध्ये ठेवला होता. नवी स्लाइड केली, आयोडीन टाकलं. कवच गोल असतं आणि केंद्रकं त्यात वर-खाली विखुरलेली असतात. फोकसचा स्क्रू फिरवत ती मोजायची असतात. मी पहिल्यांदा एकाच पातळीवर थांबलो होतो. आता स्क्रू फिरवला. पाच. सहा. आठ.

पोट धरून साहेबांच्या तंबूकडे पळालो. वाटेत दोनदा आडोशाला बसलो. साहेब माझ्याबरोबर आले आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून स्क्रू फिरवत मोजू लागले.

"आठ," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पाटील, पहले इंजेक्शन लो, फिर बात करेंगे."

अमीबावरचं एमेटिनचं ते इंजेक्शन मी आनंदानं घेतलं. साहेबांनी फील्ड टेलिफोन उचलून मेजरसाहेबांना कळवलं. पलीकडून एकच प्रश्न आला, "तो आज रस्सा बनेगा?"

भैरूनं कुऱ्हाड टाकली आणि कुकहाउसकडे गेला. मला एवढंच म्हणाला, "डबीवाले, आठ मोजाय शिकलासा, बरं झालं."

पुढे जवान आपापले मग उकळत्या पाण्यातून काढून कट्ट्यावर न्यायला लागले. गवळीमामा दोन दिवस रुसले, मग गिऱ्हाइकांना सांगू लागले की आपल्याकडे मिलिटरी स्वतःची भांडी घेऊन येते.

रिपोर्ट दुरुस्त झाला. गप्पा दुरुस्त झाल्या नाहीत. माजी सैनिकांच्या मेळाव्यात दरवर्षी कुणीतरी भैरूच्या रश्श्यानं कंपनी कशी पळवली ते रंगवून सांगतो. मीही हसत आलो. मागच्या वर्षी भैरूची मुलगी आली होती. तीही हसली, मग ताटाकडे बघत राहिली. माझी चूक तिथंच उठून सांगायला हवी होती. सांगितली नाही, म्हणून आता लिहितो.

एकाहत्तरच्याच डिसेंबरमध्ये, युद्धात, पूर्वेच्या आघाडीवर आमची एक प्लाटून पुढच्या खंदकांत अडकली होती. दिवसभर तिला अन्न पोचलं नव्हतं. संध्याकाळी रेडिओवर मागणी आली, "राशन भेजो. ओव्हर." भैरू दोन जवान घेऊन स्वतः निघाला. खंदकापासून हाकेच्या अंतरावर तोफेचा गोळा पडला. जवान वाचले. भैरूला मी एड पोस्टवर, आघाडीमागच्या उपचार केंद्रात, तपासलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच्या पाठीवरचा डबा जवानांनी पुढे पोचवला होता. झाकण सुतळीनं घट्ट बांधलेलं, आत गरम रस्सा. प्लाटूननं तो अंधारात खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला जाऊन विचारलं. एकाचंही पोट बिघडलं नव्हतं.