तांब्याच्या तारेवर पलीकडे कोण?

मंडईजवळ तारा आणि मोडेम विकता विकताच शिकलो. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण जुन्या फोनलाइनींचे किस्से इतके साठलेत, की बायको म्हणते, "दुकानात माल कमी आणि भुतंच जास्त!"

इंटरनेटचा मोडेम एकाच तारेत शेकडो सूर लावतो. सूर स्वच्छ असेल तर त्यावर भरपूर माहिती चढवतो; खरखर असेल तिथला सूर सोडून देतो.

स्वारगेटच्या एका गिऱ्हाइकाचे मधलेच सूर रोज सकाळी सातला गायब व्हायचे. शोधत शोधत शेजारच्या देवघरात पोचलो. लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ! तिचीच खरखर तारेत शिरत होती. शेजारी म्हणाले, "आमचा देव तुमच्या सिनेमासाठी अंधारात बसणार नाही." दार बंद.

*

एक बाई म्हणाल्या, "अहो, फोनमध्ये कुणीतरी रडतंय." मी हसलो. रिसीव्हर कानाला लावला आणि हसू थांबलं. बारीक हुंदके! मोडेमचे सूर फोनमध्ये झिरपत असणार, म्हणून ते अडवणारा फिल्टर बदलला. हुंदके बंद.

बाईंनी काळजीने विचारलं, "आता कुठे गेली हो ती?"

*

एका इमारतीत कुलूपबंद फ्लॅटच्या तारेतून शेजारच्या लाइनीत खरखर यायची. आतला मोडेम चालूच राहिला असणार. वॉचमनला म्हटलं, "मालकांना सांग, बंद करा म्हणावं."

"शेठ, त्या फ्लॅटचा लाइटचा मीटरच काढून नेलाय."

*

आणि विश्रांतवाडीचे वानखेडेकाका. त्यांच्या बायकोने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. घरची तार तिथेच जायची. काकू गेल्या, एक्स्चेंजही रिकामं झालं. तरी काका तार काढू देईनात. इमारत रंगवायची म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी मला घेऊन गेले. "मेलेली तार आहे काका, शेठच सांगतील."

काका म्हणाले, "मेलेली निघाली, तर मीच कापतो."

मोडेम लावला. तो एकटा काही करू शकत नाही. पलीकडे एक्स्चेंजमधल्या मोडेमने साद दिली, तरच हिरवा दिवा स्थिर होतो. दिवा लुकलुकत राहिला. सेक्रेटरींनी पक्कड पुढे केली. काकांनी ती घेतली, तारेला लावली.

दिवा स्थिर झाला.

लॅपटॉप उघडला. सगळे सूर भरलेले, खरखर नावाला नाही. इतकी स्वच्छ लाइन मी आजवर पाहिली नव्हती! धावत खाली गेलो, एक्स्चेंजकडे जाणाऱ्या तारांची रस्त्याकडेची पेटी उघडली. काकांच्या तारेचं टोक तिथेच तुटून लोंबत होतं. हातात धरून मी वर ओरडलो, "काका, दिवा?"

काका गॅलरीत आले. पक्कड हातात नव्हती.

"अहो शेठ, हळू बोला. ती ड्युटीवर आहे."