स्क्रीनला बोट लावायचं नाही

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. डाऊनलोडच्या फोल्डरसारखं त्यांचं असतं. आपण एकेक गोष्ट उघडतो, बघतो, विसरून जातो आणि एक दिवस कळतं की डबा गच्च भरलाय! आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या रविवारच्या कॉम्प्युटर वर्गाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. पूर्वी सांगताना मीच आधी हसायचे. आताही हसू येतं, पण सांगून झालं की जरा वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

वर्ग कसला, अड्डाच तो! मी ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होते, रिटायर झाले आणि सोसायटीने मला पकडलं. कुणीतरी नवा कॉम्प्युटर घेतल्यावर जुना हॉलला देऊन टाकला होता. मॉनिटर तो मागे ढेरी असलेला, जुन्या टीव्हीसारखा. आधी मी पेपरातल्या कॉम्प्युटरच्या बातम्या वाचून दाखवायचे, मग त्यावरून चार सल्ले द्यायचे, मग प्रश्न. नियम एकच, तो फळ्यावर कायमचा लिहिलेला: 'स्क्रीनला बोट लावायचं नाही.' काय दाखवायचं ते माऊसने दाखवा. काचेवर बोटांचे ठसे दिसले की माझं डोकंच फिरतं.

या नियमाचे पोलीस म्हणजे दामले. रिटायर्ड हेडक्लार्क, खिशात कायम एक पिवळं फडकं. वर्गाआधी मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि मागच्या वायरीसुद्धा पुसायचे. कुणाचं बोट काचेकडे निघालं की म्हणायचे, "अहो, बेल नाहीये ती. आत कोणी राहत नाही."

*

एका रविवारी पासवर्डचोरीची बातमी होती. मी बजावून सांगितलं, पासवर्ड कुणाला ओळखता येणार नाही असा ठेवा. जन्मतारीख नको, बायकोचं नाव नको.

"बायकोचं नाव?" दामले म्हणाले. "दिवसभर ऐकतो तेवढं पुरे आहे."

त्यांनी घरी जाऊन लगेच पासवर्ड बदलला. इतका अवघड ठेवला की पुढच्या रविवारी त्यांचं त्यांनाच ईमेल उघडेना. मी म्हटलं, काळजी करू नका. विसरलं तर म्हणून आपणच एक प्रश्न लिहून ठेवलेला असतो, त्याचं उत्तर दिलं की दार उघडतं. बटण दाबलं. स्क्रीनवर दामल्यांनी स्वतः लिहिलेला प्रश्न आला: 'आठवत नाही तर वापरता कशाला?'

सगळा हॉल हसला. दामले शांतपणे म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे." उत्तर मात्र त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. नातीचे लहानपणीचे सगळे फोटो त्या ईमेलमध्ये होते. मुलीने परदेशातून पाठवलेले. ते आत राहिले आणि दामले बाहेर. त्या दिवशी त्यांनी कीबोर्ड दोनदा पुसला.

*

शेख चाचांचा बिबवेवाडीत बाइंडिंगचा व्यवसाय होता. तो मुलांकडे सोपवून ते आमच्या इमारतीत राहायला आले होते. बोलणं मृदू, आणि माणसावर विश्वास इतका की मला त्यांचीच जास्त भीती वाटायची.

त्यामुळे फसव्या ईमेलवर मी एक अख्खा रविवार खर्च केला. परदेशातली विधवा बाई लिहिते, नवरा गेला, मागे गडगंज संपत्ती, ती तुमच्या खात्यात टाकते. उत्तर देऊ नका, बँकेची माहिती तर अजिबात देऊ नका! चाचांनी मान डोलावली.

आठवड्याभरात त्यांना नेमकं तसंच ईमेल आलं. "बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं," ते अभिमानाने म्हणाले. "बँकेचं काही लिहिलं नाही."

"म्हणजे उत्तर दिलंत?"

"तेवढं द्यावं लागलं हो. नवरा गेलाय तिचा. लिहिलं, पैसे नकोत, पण ऐकून फार वाईट वाटलं. माझीही बायको मागच्या वर्षी गेली. हळूहळू सवय होते, जेवण मात्र वेळेवर करत जा."

मी कपाळाला हात लावला. विचारलं, मग पुढे? तिकडून पुन्हा काही आलं का?

"नाही," चाचा म्हणाले. "लाजला असेल बिचारा."

*

कुंडलिकराव मूळचे वारज्याचेच. सोसायट्या व्हायच्या आधी हा भाग ज्यांच्या शेतांचा होता, त्यांतले एक. हायवेपलीकडचं शेत त्यांनी बिल्डरला दिलं आणि बायको-मुलासकट आमच्या इमारतीत राहायला आले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पहिल्या रांगेत बसणार आणि टाइप करताना एकेक अक्षर पेरल्यासारखं दाबणार.

मी ज्या दिवशी कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं शिकवली, त्या दिवशी वर्गात दिवाळी झाली! चुकून काही पुसलं गेलं, हलवलं गेलं, की ही दोन बटणं एकदम दाबायची. केलेलं सगळं परत पहिल्यासारखं. सगळ्यांनी मुद्दाम चुका करून परत आणल्या. चाचांनी तर अख्खं पत्र पुसून परत आणलं आणि टाळी वाजवली.

कुंडलिकराव बराच वेळ त्या दोन बटणांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, हे रजिस्ट्री हाफिसात चालतं का वो?"

आम्ही हसलो. तेही हसले, म्हणून आम्ही आणखी हसलो.

*

मग ती उपग्रहाच्या नकाशाची बातमी आली. घरबसल्या आकाशातून आपली गल्ली बघा! त्या रविवारी दुसरं काहीच झालं नाही. दामल्यांना आपल्या गच्चीवर वाळत घातलेली चादर दिसली, तर म्हणाले, "सरकारला बघायला हेच सापडलं?"

शेवटी कुंडलिकरावांची पाळी आली. मी हायवे ओलांडून नकाशा पुढे सरकवला आणि ते ताडकन उभेच राहिले. खरं तर त्या जागेवर तेव्हा इमारतींचे सांगाडे चढले होते. पण नकाशातला फोटो जुना होता. त्यात शेत होतं! ज्वारीचा पिवळट पट्टा, विहिरीचा काळा ठिपका, चिंचेची सावली.

"ही माझी ज्वारी," ते म्हणाले आणि त्यांचं बोट काचेकडे निघालं.

"बोट नाही!" मी सवयीने ओरडले. त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

त्यानंतर ते दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायचे. कॉम्प्युटर लावायचे, शेत काढायचे आणि माझ्या बातम्या सुरू होईपर्यंत बघत बसायचे. पाहुणे सोडून आल्यासारखे मग आपल्या खुर्चीत जायचे.

*

एकदा मी वाचलेल्या बातमीत होतं की हे नकाशे अधूनमधून अपडेट होतात, जुने फोटो काढून नवे टाकतात. मी पुढच्या बातमीवर गेले. कुंडलिकराव नाही गेले.

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवर पहारा बसवला. अपडेटची खिडकी आली रे आली की 'नंतर' हे बटण दाबायचं. कोणतंही अपडेट असो, 'नंतर'! अँटीव्हायरसचं अपडेट आलं, 'नंतर'. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागायला लागला की तोवर घरी जाऊन चहा घेऊन येता यायचं. पुढे व्हायरस शिरला आणि उघडेल त्या फाइलचं नाव बदलायला लागला.

मी त्यांना समजावलं, "अहो, नकाशा या डब्यात नाहीये. तो लांब, त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. इथलं अपडेट थांबवून तो थांबत नसतो."

"तिकडं असंना का," कुंडलिकराव म्हणाले. "दार तर हितनंच उघडतंय न्हवं? आपण आपलं दार लावून घ्यायचं."

मी म्हटलं, मग आहे त्याचा फोटो काढून ठेवू, प्रिंट देते, घरी लावा. तर ते चक्क रागावले. "भिंतीला फोटो गेल्याल्या माणसाचा लावत्यात, बाई. हे अजून हाय की!"

शेवटी दामले मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचे सल्ले फार शास्त्रशुद्ध असतात. आता जरा गप्प बसा." आणि दामल्यांसारखा शिस्तीचा माणूस, अपडेटची खिडकी दिसली की स्वतः 'नंतर' दाबायला लागला! चाचाही. आणि मीसुद्धा, जी बाहेर सगळ्यांना सांगत हिंडायची की अपडेट कधी टाळू नका.

*

हा सगळा आटापिटा कशासाठी, ते मला उशिरा कळलं. कुंडलिकरावांना ते शेत एकदा यमुनावहिनींना दाखवायचं होतं, आपल्या बायकोला.

शेत विकायचं ठरलं तेव्हा वहिनी नको म्हणाल्या होत्या. यांनी आणि मुलाने ऐकलं नाही. वहिनी भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून हायवेपलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नाही. माहेरी जायचं तरी लांबचा वळसा घालून जायच्या. नवऱ्याशी बोलायच्या, पण भाजी, दूध, औषध एवढंच.

"एकदा बघितली ज्वारी तर बोलंल माझ्याशी," कुंडलिकराव चाचांना म्हणाले होते. दर आठवड्याला ते घरी विचारायचे, आणि वहिनी म्हणायच्या, "दिलेली लेक आणि इकलेलं रान, सारखं बघू न्हाई."

मग दिवाळीआधी हॉलला रंग द्यायचा म्हणून वर्ग काही आठवडे बंद राहिला. त्याच काळात चाचा एकदा त्यांच्याकडे गेले. वहिनींशी काय बोलले कोण जाणे, चाचांनी मला कधी सांगितलं नाही. पण कुंडलिकराव धावत माझ्या दारात आले. "बाई, येती म्हणाली! ह्या रविवारी येती!"

*

त्या रविवारी आम्ही सगळेच लवकर गेलो. रंगाऱ्यांनी भिंती घासलेल्या, त्यामुळे सगळ्या हॉलभर पांढरी धूळ होती. कॉम्प्युटरचं कव्हर रंगाऱ्यांनी बसायला घेतलं होतं, त्यामुळे मॉनिटर उघडाच. दामल्यांनी खिशातून फडकं काढलं. पण तेवढ्यात वहिनी आल्या आणि कुंडलिकरावांना धीर निघेना. त्यांनी तसाच कॉम्प्युटर लावला. वहिनींना माझी खुर्ची दिली. आम्ही मागे उभे राहिलो.

नकाशा उघडला. हायवे आला. हायवे ओलांडला.

इमारती होत्या. राखाडी गच्च्या, त्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या, खाली ओळीने लावलेल्या गाड्या.

कुंडलिकरावांनी नकाशा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी तर सारखं 'नंतर'च दाबत होतो."

मला फार वाईट वाटलं, इतकं की माझ्याच त्या बातम्यांचा मला राग आला. दामले खिडकीबाहेर बघायला लागले. चाचांनी डोळे मिटले होते.

वहिनी स्क्रीनकडे बघत होत्या. मग उठल्या, नवऱ्याला म्हणाल्या, "सरका." आणि त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

माझं तोंड उघडलं होतं. दामल्यांनी न वळता नुसता हात वर केला. मी गप्प बसले.

धुळीतून वहिनींचं बोट चाललं. गच्च्यांवरून, टाक्यांवरून, गाड्यांवरून सरळ. "ह्यो बांध," त्या म्हणाल्या. "हितं वळतो. ही हीर. हितं चिंच. हितं तुमची आई शेंगा फोडत बसायची. आणि ही पायवाट, हिच्यावरनं मी भाकरी घेऊन यायची."

कुंडलिकराव टोपी काढून उभे होते. "सगळं गेलं की गं, यमुने."

"तुम्ही इकलं," वहिनी म्हणाल्या. "मी कवा इकलं?"

मग पदराला बोट पुसून म्हणाल्या, "चला घरी. चहा टाकते. तुम्हाला तवाच इचारणार हुते, रान इकलं त्या साली तिथल्या चिंचा कुणी उतरवल्या?"

दोघं बोलत बोलत जिन्याने खाली गेले. मी कॉम्प्युटर बंद केला. काळ्या काचेवर त्या रेघा आणखी ठळक दिसायला लागल्या.

पुढच्या रविवारी दामले नेहमीप्रमाणे आधी आले. पिवळं फडकं काढलं. टेबल पुसलं, कीबोर्ड पुसला, माऊस पुसला, मागच्या वायरी एकेक करून पुसल्या. मग मॉनिटरसमोर येऊन उभे राहिले.

फडक्याची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "हं, बाई. वाचा बातम्या."