पित्तावर तूप, आणि लेक निपाणीला

ओठ सुजला, मग डोळा मिटला, आणि घशात कायतरी अडकल्यागत झालं. भर दुपार, ह्यांचा कापडाचा माग खडखडतोय, माझी हाक ऐकूच जाईना. शेवटी मी जाऊन ह्यांचा सदराच ओढला. वळून माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे काय झालं गं?" मला बोलता येईना. अंगभर लाल गांध्या, भाकरीएवढ्या. आमच्या खासबागेतनं रिक्षानं दवाखान्यात जाईपर्यंत मी कसंबसं एकच म्हणत होते, तनूला आणा, मला तनूला बघायचंय.

तनू माझी लेक, दीड वर्षाची. पाच महिने ती निपाणीला माझ्या आईकडं होती. का, ते सांगते.

मला रोज अंगावर पित्त उठायचं. सकाळी यायचं, दुपारी जायचं, दुसऱ्या दिवशी परत. सासूबाई म्हणाल्या, "लेकराला लागंल गं, थोडे दिवस म्हायेरी ठीव." मी सातवी शिकलेली, मला काय ठाव? मी पण भ्याले आणि ठेवली. अंगावरचं दूध तुटलं तवा ब्लाऊज ओला व्हायचा, आणि मी मोरीत जाऊन रडायची.

पित्ताला तूप थंड, असं आईनं सांगितलं. आमच्याकडं सगळेच करतात बगा, आमसुलाचं पाणी अंगाला आणि तूप-साखर पोटात. आई घरच्या म्हशीचं तूप डबा भरून ओळखीच्या वडापच्या जीपवाल्याकडं द्यायची. मी उपाशीपोटी तीन मोठे चमचे खायचे. गुण येईना म्हणून चार केले. लवकर बरी झाले की तनू येईल, एवढंच डोक्यात.

त्या दिवशी दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर घसा मोकळा झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे क्रॉनिक अर्टिकेरिया. म्हणजे सहा आठवड्यांच्या वर रोज नायतर एकाड एक दिवस उठणाऱ्या गांध्या. मग रक्त तपासलं. थायरॉईड बघितलं, आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातली चरबी. रिपोर्टला बाकड्यावर बसले होते, तर शेजारच्या बाईच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. मी नुसती त्याच्या तळव्याकडं बघत बसले.

थायरॉईड बरं निघालं. चरबी लई वाढलेली. डॉक्टरबाई कानडीच, म्हणाल्या, "तुप्प एष्टु?" म्हणजे तूप किती खातेस? मी सांगितलं.

"अगं, औषध खातीयस का लग्नाचं जेवतीयस?"

हे हसले. मला हसू आलं न्हाय.

मग त्यांनी नीट समजावलं. चरबी वाढलेल्या माणसांत हे दुखणं जास्त दिसतंय, पण चरबीनंच होतंय असं ठाम सांगता येत न्हाय. तरी चरबी उतरवायचीच, माझे वडील, आप्पा, तरणेपणी हार्टनं गेले म्हणून तर लवकर. तूप बंद, तळलेलं बंद, गोळी रोज, चालायचं.

उठताना मी भीत भीत विचारलं, "लेकराला लागंल का ओ?"

"कोण म्हणालं? गांध्या कुणाला लागत न्हाईत. जवळ घे की लेकरू."

पाच महिने.

आता गांध्या कमी हायत, एखादी उठते. तुमाला कुणाला असं असंल तर घरात औषध करत बसू नका, आणि ओठ-घसा सुजला तर लगेच पळा.

गेल्या रविवारी तनूला आणायला निपाणीला गेले. आईनं तिचे कपडे घडी घालून ठेवलेले. मी "ये" म्हणून हात पुढं केले, तर ती आईच्या लुगड्यामागं गेली. तिथनं माझ्याकडं बघतेय, पावण्याबाईकडं बघावं तशी. आईलाच ती "आई" म्हणते. उचलली तर अंग ताठ करून रडली, श्वास कोंडेपर्यंत. आई म्हणाली, "ने गं, दोन दिवसांत इसरंल." आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली. आप्पा गेल्यापास्नं त्या घरात दुसरं कोण न्हाय.

मी लेकराला खाली ठेवलं आणि एकटीच बसमधनं परत आले. निपाणीकडं जाणारी बस बघितली तरी माझे हात अजून पुढं होतात.

हे म्हणतात, रडली तरी आणायची होतीस. तुमी आई असाल तर सांगा, तुमी काय केलं असतं?